गिटार प्रोसेसर आणि हेडफोन यांची विद्युत्-ध्वनिक जुळणी : संकल्पना, गणित व व्यवहार

सारांश

विद्युत् गिटारच्या सरावासाठी प्रोसेसर व हेडफोन यांचा वापर आता सार्वत्रिक झाला आहे. मात्र कोणत्या प्रोसेसरला कोणता हेडफोन जोडावा, याविषयी विद्यार्थ्यांत आणि मार्गदर्शकांतही बरेच गैरसमज आढळतात. प्रस्तुत लेखात संरोध, संवेदनक्षमता आणि उगमसंरोध या तीन राशींच्या आधारे ही जुळणी स्पष्ट केली आहे. सोप्या गणिती उदाहरणांतून ध्वनिपातळी व स्वराचा तोल यांवर होणारा परिणाम दाखविला असून महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करता येईल अशी मापनपद्धती व श्रवणसुरक्षेचे भानही मांडले आहे.

बीजशब्द : गिटार प्रोसेसर, हेडफोन, संरोध, उगमसंरोध, संवेदनक्षमता, ध्वनिपातळी, श्रवणसुरक्षा.

१. प्रस्तावना

विद्युत् गिटार हे वाद्य स्वतः फारसे वाजत नाही. त्याच्या तारांचे कंपन पिकअपमधील चुंबकीय वेटोळ्यांद्वारे विद्युत् संकेतात रूपांतरित होते आणि तो संकेत अ‍ॅम्प्लिफायर व ध्वनिपेटी यांतून गेल्यावरच श्रोत्याला अपेक्षित नाद ऐकू येतो. साहजिकच या वाद्याचा सराव म्हणजे शेजाऱ्यांच्या संयमाची परीक्षा ठरते. भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ डेसिबल व रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. वसतिगृहात किंवा सदनिकेत राहणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यास व तासिका आटोपून मिळणारा वेळ बहुधा रात्रीचाच असतो. त्यामुळे हेडफोन ही त्याच्या दृष्टीने चैन नसून सरावाची अट आहे.

या गरजेला तंत्रज्ञानाने दिलेले उत्तर तसे जुने आहे. ‘बोस्टन’ या अमेरिकन वाद्यवृंदाचे गिटारवादक व अभियंते टॉम शोल्झ यांनी १९८२ मध्ये ‘रॉकमन’ हे कमरेला लावता येईल असे हेडफोन-अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणले. पुढे १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीच्या ‘पॉड’ने संगणकीय प्रतिकृतीच्या साह्याने अनेक अ‍ॅम्प्लिफायरांचे नाद एका छोट्या पेटीत आणले. आजच्या साध्या प्रोसेसरलाही हेडफोनसाठी जोडणी असते. परंतु त्या जोडणीत कोणता हेडफोन लावावा, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा दुकानदाराच्या शिफारशीवर किंवा ‘स्टुडिओ’ या शब्दाच्या मोहावर सोडला जातो. परिणामी महागडा हेडफोन घेऊनही आवाज क्षीण येतो, खर्ज सैल वाटतो किंवा सतत खरखर ऐकू येते, आणि दोष प्रोसेसरला अथवा स्वतःच्या वादनाला दिला जातो. प्रस्तुत लेखाचा उद्देश या प्रश्नामागील भौतिकशास्त्र उलगडून दाखविणे हा आहे.

२. तीन मूलभूत राशी

अ) संरोध : प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाला एखाद्या मंडलाकडून होणारा एकूण विरोध म्हणजे संरोध, ज्यास व्यवहारात इंपीडन्स म्हणतात. त्याचे एकक ओहम आहे. हेडफोनवर ३२, ८० किंवा २५० ओहम असा जो आकडा छापलेला असतो, तो नाममात्र संरोध होय. प्रत्यक्षात हा संरोध वारंवारतेनुसार बदलतो.

आ) संवेदनक्षमता : ठरावीक विद्युत् शक्ती दिली असता हेडफोन किती ध्वनिपातळी निर्माण करतो, याचे हे माप आहे. ते बहुधा १ मिलिवॅट शक्तीला इतके डेसिबल असे दिले जाते. काही उत्पादक ते १ व्होल्टला इतके डेसिबल असे देतात. दोन हेडफोनची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, हे पाहणे अगत्याचे असते.

इ) उगमसंरोध : प्रोसेसरच्या हेडफोन-आउटपुटचा स्वतःचा अंतर्गत संरोध. निर्माते हा आकडा नेहमी देतातच असे नाही. हा संरोध मुद्दाम ठेवलेलाही असतो. स्टिरिओ जॅकमध्ये कोणी चुकून मोनो प्लग खोचला, तर एक वाहिनी थेट भूमीशी जोडली जाते. अशा वेळी आतील प्रवर्धक घटकावर अतिरिक्त भार पडू नये, तसेच लांब केबलमुळे त्याचे स्थैर्य बिघडू नये, म्हणून उत्पादक आउटपुटच्या वाटेत एक छोटा रोध घालतात. संरक्षण म्हणून हा उपाय योग्य आहे, पण त्याची किंमत नादाला मोजावी लागते. ती किती, हे पुढे पाहू.

३. जुळणी म्हणजे समानता नव्हे

गिटारवादकांमध्ये ‘८ ओहमला ८ ओहम’ हा संस्कार खोलवर रुजलेला आहे. निर्वात नलिकांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो व त्याला ठरावीक संरोधाचाच भार अपेक्षित असतो. तेथे हा नियम पाळणे आवश्यकच आहे. परंतु हाच नियम हेडफोनला लावून ‘प्रोसेसरचा व हेडफोनचा संरोध सारखा हवा’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

भौतिकशास्त्राच्या अध्यापकांना येथे महत्तम शक्ती-संक्रमणाचा सिद्धान्त आठवेल. उगमाचा रोध आणि भाराचा रोध समान असता भाराला जास्तीत जास्त शक्ती मिळते, असे हा सिद्धान्त सांगतो. पण त्यात गृहीत असे की, उगमाचा रोध आपल्या हाती नसून केवळ भार निवडायचा आहे. शिवाय त्या स्थितीत निम्मी शक्ती उगमाच्या रोधातच उष्णतेच्या रूपाने खर्च होते. ध्वनियंत्रणेत उद्दिष्ट शक्ती ओढून घेण्याचे नसून विद्युतदाबाचा आकार जसाच्या तसा हेडफोनपर्यंत पोहोचविण्याचे असते. त्यासाठी उगमसंरोध भाराच्या तुलनेत लहान असावा लागतो. उगमसंरोध हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा व्यवहारातील संकेत आहे. अर्थात ३२ ओहमच्या हेडफोनसाठी तो ४ ओहमपर्यंत, तर २५० ओहमच्या हेडफोनसाठी सुमारे ३१ ओहमपर्यंत चालू शकतो.

४. आवाज पुरेसा येईल का? एक गणिती उदाहरण

समजा, एका प्रोसेसरच्या माहितीपुस्तिकेत ‘३२ ओहम भारास प्रत्येक वाहिनीस २० मिलिवॅट’ अशी नोंद आहे. शक्ती ही विद्युतदाबाच्या वर्गाला रोधाने भागून मिळते. त्यावरून भारावरील विद्युतदाब ०.८ व्होल्ट व प्रवाह २५ मिलिअँपिअर येतो. उगमसंरोध १० ओहम मानल्यास भार नसतानाचा विद्युतदाब १.०५ व्होल्ट होईल. आता हाच प्रोसेसर चार प्रचलित हेडफोनांना जोडला तर मिळणारी शक्ती व महत्तम ध्वनिपातळी पुढीलप्रमाणे येते. संरोध व संवेदनक्षमतेचे आकडे उत्पादकांनी दिलेले असून संवेदनक्षमता १ मिलिवॅटसाठी आहे.

तक्ता क्र. १
१) ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स : ३८ ओहम, ९९ डेसिबल, शक्ती १८.२ मिलिवॅट, ध्वनिपातळी सुमारे १११.६ डेसिबल.
२) बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो : ८० ओहम, ९६ डेसिबल, शक्ती १०.९ मिलिवॅट, ध्वनिपातळी सुमारे १०६.४ डेसिबल.
३) एकेजी के२४० स्टुडिओ : ५५ ओहम, ९१ डेसिबल, शक्ती १४.४ मिलिवॅट, ध्वनिपातळी सुमारे १०२.६ डेसिबल.
४) बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो : २५० ओहम, ९६ डेसिबल, शक्ती ४.१ मिलिवॅट, ध्वनिपातळी सुमारे १०२.१ डेसिबल.

या तक्त्यातील शेवटच्या दोन नोंदी विशेष लक्षणीय आहेत. ५५ ओहमचा हेडफोन ‘सोपा’ आणि २५० ओहमचा ‘अवघड’ अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात त्यांच्या ध्वनिपातळीत अर्ध्या डेसिबलचाच फरक आहे. याउलट ८० ओहमचा हेडफोन ५५ ओहमच्या हेडफोनपेक्षा जवळपास ४ डेसिबलने मोठा वाजतो. म्हणजेच केवळ ओहमचा आकडा पाहून आवाजाचा अंदाज बांधता येत नाही. संवेदनक्षमता सोबत घ्यावीच लागते.

येथे आणखी एक बाब ध्यानी घ्यावयास हवी. तक्त्यातील पातळी ही पूर्ण क्षमतेने दिलेल्या सलग साइन तरंगासाठी आहे. प्रत्यक्ष वादनात तार छेडल्याचा क्षणिक आघात मोठा व त्यामागून येणारा नाद पुष्कळ लहान असतो. स्वच्छ, विरूपणरहित नादात सरासरी पातळी या महत्तम मर्यादेच्या १८ डेसिबल खाली आहे असे मानले, तर चौथ्या हेडफोनवर सरासरी पातळी ८४ डेसिबलच्या आसपास राहील. सरावासाठी ती पुरेशी आहे. मात्र त्यासाठी आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवावे लागेल व पुढे वाव उरणार नाही. अशा वेळी विद्यार्थी प्रोसेसरमधील प्रत्येक नादरचनेची अंतर्गत पातळी वाढवू लागतो. तसे केल्यास अंकीय संकेत आपल्या मर्यादेला आदळून छाटला जातो व कर्कश विरूपण निर्माण होते. दोष हेडफोनच्या निवडीचा असतो, पण तो प्रोसेसरच्या माथी मारला जातो.

५. उगमसंरोध व स्वराचा तोल

आवाज पुरेसा असणे हा जुळणीचा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक सूक्ष्म आहे. गतिमान वेटोळ्याच्या हेडफोनमध्ये पडद्याच्या अनुस्पंदनाच्या वारंवारतेला संरोध एकदम वाढतो. अनेक हेडफोनमध्ये ही वारंवारता १०० हर्ट्झच्या आसपास असते. गिटारची सर्वांत जाड तार प्रमाण लावणीत ८२.४ हर्ट्झला वाजते. अर्थात ज्या पट्ट्यात गिटारचा खर्ज आहे, नेमका त्याच पट्ट्यात हेडफोनचा संरोध अस्थिर असतो.

समजा, एका हेडफोनचा संरोध इतरत्र ३२ ओहम व अनुस्पंदनाच्या ठिकाणी ६४ ओहम आहे. उगमसंरोध व हेडफोन मिळून विद्युतदाब-विभाजक तयार होतो. उगमसंरोध २ ओहम असेल, तर दोन्ही ठिकाणच्या विद्युतदाबात केवळ ०.३ डेसिबलचा फरक पडतो. तो कानाला जाणवणारा नाही. उगमसंरोध १० ओहम असल्यास फरक १.१ डेसिबल, तर ४७ ओहम असल्यास सुमारे ३ डेसिबल होतो. म्हणजे खर्जाचा एक पट्टा आपोआप ३ डेसिबलने उचलला जातो. त्याबरोबरच पडद्याच्या हालचालीला मिळणारा विद्युत् अवरोध कमी होतो व तळवा टेकवून वाजविलेले तुटक आघातही ओघळल्यासारखे वाटतात. हाच ४७ ओहमचा उगम, ज्याचा संरोध ३०० वरून ५०० ओहमपर्यंत चढतो अशा हेडफोनला जोडला, तर फरक अर्ध्या डेसिबलइतकाच राहतो.

एक-अष्टमांशाच्या संकेताचे कारणही यातूनच कळते. उगमसंरोध भाराच्या एक-अष्टमांश असेल, तर नाममात्र मूल्याला होणारी घट सुमारे १ डेसिबल असते. हेडफोनचा संरोध एखाद्या वारंवारतेला कितीही वाढला तरी तेथील विद्युतदाब या घटीइतकाच वर येऊ शकतो. म्हणजे तोलातील बिघाड १ डेसिबलच्या आत बांधला जातो.

आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या आयईसी ६१९३८ या मानकाच्या १९९६ मधील आवृत्तीत हेडफोन-आउटपुटसाठी १२० ओहम उगमसंरोध नमूद होता. त्या मूल्याला धरून बनविलेल्या उपकरणावर आजचा ३२ ओहमचा हेडफोन लावल्यास वरील उदाहरणातील फरक ४.४ डेसिबलपर्यंत जातो. जुने उपकरण व नवा हेडफोन यांचे न जुळण्याचे हे एक प्रमुख कारण होय. सपाट पडद्याच्या, म्हणजे प्लॅनर प्रकारच्या हेडफोनचा संरोध सर्व वारंवारतांना जवळपास समान असल्याने त्यांना ही अडचण येत नाही. आवाज तेवढा कमी होतो. याच्या उलट, अनेक सूक्ष्म घटक असलेल्या काही कर्णांतर्गत इअरफोनचा संरोध काही वारंवारतांना नाममात्र मूल्याच्या बराच खाली उतरतो, म्हणून तेथे उगमसंरोध शक्य तितका लहान हवा.

६. खरखरीचा प्रश्न

अधिक संवेदनक्षम हेडफोन नेहमीच चांगला, असेही म्हणता येत नाही. प्रत्येक प्रवर्धकाचा काही अंगभूत रव असतो. समजा, तो ३० मायक्रोव्होल्ट आहे. १६ ओहम व ११० डेसिबलच्या इअरफोनवर तो सुमारे ३७ डेसिबल इतका ऐकू येईल. रात्रीच्या शांत खोलीत ही पातळी स्पष्ट जाणवते. तोच रव २५० ओहम व ९६ डेसिबलच्या हेडफोनवर १२ डेसिबलच्याही खाली राहतो, म्हणजे व्यवहारात नाहीसा होतो. मोबाइलसाठी घेतलेला इअरफोन प्रोसेसरला लावल्यावर खरखर येते, यामागे प्रोसेसरचा बिघाड नसून हे गणित असण्याची शक्यता अधिक असते. मात्र आवाजाचे बटण शून्यावर आणल्यावरही खरखर राहते का, हे आधी पाहावे. ती बटणाबरोबर कमी होत असेल, तर तिचा उगम गिटारचे पिकअप किंवा अधिक गेनचा नाद यांत आहे असे समजावे.

७. ध्वनिपेटीची उणीव व जोडणीतील दक्षता

गिटारचा परिचित नाद घडविण्यात ध्वनिपेटीचा वाटा मोठा असतो. सेलेस्टियन कंपनीच्या ‘जी१२एम ग्रीनबॅक’ या १२ इंची स्पीकरची वारंवारता-कक्षा ७५ ते ५००० हर्ट्झ इतकीच आहे. विरूपणातून निर्माण होणारे त्यापुढील उच्च संनादी असा स्पीकर गाळून टाकतो. हेडफोन मात्र २०,००० हर्ट्झपर्यंत सर्व काही कानात ओततो. त्यामुळे प्रोसेसरमधील ध्वनिपेटीची प्रतिकृती बंद असल्यास कोणताही हेडफोन चिरका वाटतो. प्रोसेसरचे आउटपुट ‘अ‍ॅम्प्लिफायरसाठी’ नसून ‘लाइन अथवा हेडफोनसाठी’ निवडले आहे ना, हे हेडफोन बदलण्यापूर्वी तपासणे हितावह होय.

जोडणीबाबतही तीन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. पहिली, हेडफोन मोनो आउटपुटमध्ये लावल्यास बहुधा एकाच कानात आवाज येतो. समतोलित लाइन आउटपुटमध्ये लावल्यास दोन्ही कानांत परस्परविरुद्ध कलेचा संकेत जाऊन नाद पोकळ वाटतो. दुसरी, ३.५ मिलिमीटरवरून ६.३५ मिलिमीटरवर नेणारा अडॅप्टर तीन भागांचा, म्हणजे स्टिरिओ असावा. तिसरी, ब्लूटूथ हेडफोन सरावास योग्य नाहीत. सर्वसाधारण ब्लूटूथ जोडणीत १५० मिलिसेकंदांच्या आसपास विलंब होतो. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, हे लक्षात घेतल्यास वादक आपल्या स्पीकरपासून ५० मीटर दूर उभा राहून वाजवीत आहे असाच याचा अर्थ होतो. अशा स्थितीत लय सांभाळणे अशक्यप्राय असते.

८. प्रयोगशाळेतील मापन

उगमसंरोधाचा आकडा पुस्तिकेत नसल्यास तो महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत सहज काढता येतो. प्रोसेसरचे सर्व परिणाम बंद करून त्याच्या इनपुटला सिग्नल जनरेटरमधून २०० हर्ट्झचा स्थिर, लहान साइन तरंग द्यावा. साधे मल्टिमीटर कमी वारंवारतांनाच विश्वसनीय वाचन देते, म्हणून वारंवारता यापेक्षा फार वाढवू नये. हेडफोन-आउटपुटच्या एका वाहिनीवर प्रथम भाराविना विद्युतदाब मोजावा. नंतर त्याच वाहिनीवर ३३ ओहमचा रोध जोडून, बटणाला हात न लावता, पुन्हा मोजावा. पहिल्या वाचनाला दुसऱ्याने भागून त्यातून १ वजा करावा व उत्तराला ३३ ने गुणावे. उदाहरणार्थ, ०.६० व ०.४६ व्होल्ट अशी वाचने आल्यास उगमसंरोध सुमारे १० ओहम येतो. तरंग छाटला जात नाही याची ऑसिलोस्कोपवर खात्री करता आल्यास उत्तम. या प्रयोगात विद्युतदाब-विभाजक, अंतर्गत रोध व डेसिबल या तिन्ही संकल्पना एकत्र येत असल्याने पदवी वर्गासाठी तो उपयुक्त ठरू शकेल.

९. श्रवणसुरक्षा

तक्ता क्र. १ मधील २० मिलिवॅट ही शक्ती क्षुल्लक वाटते. डीटी ७७० प्रो हेडफोनची नाममात्र क्षमता १०० मिलिवॅट आहे. तेव्हा प्रोसेसरने हेडफोन जळेल ही भीती अनाठायी आहे. धोका हेडफोनला नसून कानाला आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे ‘नायोश’च्या १९९८ मधील शिफारशीनुसार ८५ डेसिबल पातळीला ८ तास ही मर्यादा असून दर ३ डेसिबलला हा काळ निम्मा होतो. त्यानुसार ९४ डेसिबलला १ तास व १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१८ मधील मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास हे प्रमाण दिले आहे.

विरूपित नादात आघात व सरासरी यांतील अंतर कमी असते. ते १० डेसिबल मानल्यास तक्त्यातील पहिल्या हेडफोनवर पूर्ण आवाजात सरासरी पातळी १०१ डेसिबलच्या पुढे जाते. म्हणजे सुरक्षित काळ पाव तासाहूनही कमी. दोन तासांच्या सरावाचा अभिमान बाळगणाऱ्या विद्यार्थ्याला हे कोणीतरी सांगावयास हवे. कारण आंतरकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की, मनुष्यात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. बंदिस्त कवचाचा हेडफोन बाहेरील गोंगाट व तारांचा प्रत्यक्ष आवाज रोखत असल्याने कमी पातळीवरही सराव करता येतो, हा त्याचा दुर्लक्षित लाभ आहे.

१०. निष्कर्ष

१) हेडफोन व प्रोसेसर यांची जुळणी म्हणजे संरोधांची समानता नव्हे, उगमसंरोध हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाच्या आत असणे ही इष्ट स्थिती होय.
२) आवाजाचा अंदाज संरोध व संवेदनक्षमता दोन्ही विचारात घेऊनच करावा.
३) उगमसंरोध कमी असल्यास ३२ ते ८० ओहमचे, ९६ ते १०० डेसिबलच्या दरम्यानचे बंदिस्त हेडफोन सरावासाठी सर्वसाधारणपणे सोयीचे ठरतात. उगमसंरोध ३० ओहम वा अधिक असल्यास २५० ओहमच्या आसपासचा हेडफोन स्वराचा तोल अधिक राखतो. मात्र आवाज पुरेल का, हे गणिताने पडताळावे.
४) नाद चिरका वा पोकळ वाटल्यास खरेदीपूर्वी ध्वनिपेटीची प्रतिकृती, आउटपुटची निवड व प्लगचा प्रकार तपासावा.
५) पूर्ण आवाजात मिळणारी पातळी ही सरावाची पातळी नव्हे. बटण निम्म्याच्या आसपास असताना पुरेसा आवाज देणारी जोडी ही योग्य जुळणी समजावी.

महाविद्यालयांच्या सांस्कृतिक विभागांकडून वाद्यसामग्रीची खरेदी होताना किंमत व नाममुद्रा यांचाच विचार होतो. त्या समितीत भौतिकशास्त्राचा एखादा अध्यापक असावा व खरेदीच्या मागणीपत्रात संरोध, संवेदनक्षमता व उगमसंरोध हे तीन आकडे नोंदवावेत, एवढे झाले तरी मर्यादित निधीचा अपव्यय टळेल आणि विद्यार्थ्यांच्या कानांचेही रक्षण होईल.